कापड नि कागदावर पोट भरतं का, तेही गोव्यात राहून?

पणजीत आल्तिनोच्या गोवा कॉलेज ऑफ आर्टमधनं पेंटिंगला बीएफए केलंस, मग ब्रश सुटला आणि आजीच्या जुन्या साड्यांचा लगदा करून कागद, शिवाय छोट्या फ्रेमवर विणकाम असं सुरू झालं, डिचोलीला घरी माडीवर काम चालतं, आई म्हणते बी.एड. कर, आणि तुला विचारायचंय की गोव्यात राहून यावर जगता येतं का की पुढच्या शिक्षणाला बडोदा-शांतिनिकेतन गाठावं. काहींनी तुला 'मनाचं ऐक' असं सांगितलंय, ठीक आहे, ते सांगायला कुणाला काही खर्च येत नाही. मी याच धंद्यात केस पिकवलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कडू ते. नुसत्या कलाकृती विकून सुरुवातीची बरीच वर्षं घर चालत नाही. पेंटिंगवाल्यांचंही चालत नाही, पण त्यांना निदान गिऱ्हाईक ओळखतं, कापड भिंतीवर दिसलं की लोक विचारतात हे धुवायचं कसं. त्यामुळे दुसरं काम लागणारच, आणि माझं सगळं म्हणणं त्या दुसऱ्या कामाबद्दलच आहे: ते त्याच कापडा-कागदातलं शोध. दिवसभर बँकेत बसून रात्री विणणाऱ्या दोघीतिघी मला माहितीयत, हात थंडावले त्यांचे. याउलट ज्यांची पोटापाण्याची नोकरी याच मालाशी होती त्यांची कला त्या नोकरीतनंच वाढली.

बघ ना, अ‍ॅनी अल्बर्स. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये (मोमा) सोलो प्रदर्शन झालेली पहिली टेक्स्टाइल आर्टिस्ट, पण ती आधीपासून शिकवत होती आणि कारखान्यांसाठी कापडाची डिझाइनंही करत होती, आणि पुढे १९६३-६४ च्या सुमारास लिथोग्राफीचा, म्हणजे दगडावरून छापण्याचा, नाद लागला तो इतका की शेवटी माग सोडून ती कागदावरच राहिली. शीला हिक्स ही अमेरिकन टेक्स्टाइल आर्टिस्ट १९६०च्या दशकात केरळात कालिकतला येऊन हातमाग कारखान्यासाठी जाड कापडं डिझाइन करून गेली. आपल्याकडे झरीना हाश्मी, अलीगढची, शिक्षण गणिताचं, न्यूयॉर्कला कागदाचा लगदा साच्यात ओतून कामं करायची आणि तिथेच बायकांच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये कागद बनवायला शिकवायची. आणि तुझ्या सगळ्यात जवळची प्रिया रविश मेहरा, ती २०१८ मध्ये गेली. शांतिनिकेतनला विणकाम शिकली, नजीबाबादच्या रफूगारांबरोबर कित्येक वर्षं काम केलं, त्यांच्या कामाची नोंद ठेवली, लोकांपुढे आणलं, आणि त्या रफूतनंच पुढे तिची स्वतःची कामं आली, डॅफ्ने झाडाच्या सालीचा लगदा आणि जुन्या फाटक्या कापडाचे तुकडे एकजीव केलेली. कापड कुठे संपलं नि कागद कुठे सुरू झाला कळत नाही. रफूगारांमध्ये ती वर्षं घालवली नसती तर ही कामं सुचलीही नसती असं मला वाटतं. शिल्पकार-चित्रकार सोमनाथ होरांची 'वूंड्स' (जखमा) मालिकाही बघ, मातीच्या पाटीवर घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं, पण बघताना अंगावर येतं.

आता तुझ्या कागदाबद्दल. फोटोत गाठी दिसतायत, कडा कुरतडल्यासारख्या आहेत, म्हणजे मिक्सरमध्ये फिरवतेयस. मिक्सर तंतू कापतो, आपल्याला तो पिंजायला हवा असतो, म्हणून कागद दिसायला बरा पण दुमडला की तुटतो. हॉलंडर बीटर, म्हणजे लगदा पिंजायचं यंत्र, महाग आहे, आत्ता नको, आधी कपडे धुवायची लाकडी मोगरी घे आणि कुट, खांदे भरून येतील पण कागदाला जीव येईल. साडी कुटायच्या आधी जाळून बघ. पदरातला, काठातला आणि मधला असे तीन वेगळे धागे काढून काडी लाव: सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक काळा मणी होतो. जुन्या 'कॉटन' साड्यांच्या काठात हमखास पॉलिएस्टर निघतं, आणि फॉलचा दोरा तर शंभर टक्के, तो उसवून काढच, नाहीतर लगद्यात तेच धागे किड्यासारखे तरंगतात. मग इंचभराचे तुकडे, धुण्याच्या सोड्यात उकळ, स्टीलच्या टोपात (अ‍ॅल्युमिनियम नको, सोडा ते खातो), आणि पाणी पीएच पट्टीवर सातच्या आसपास येईपर्यंत धू. लगदा झाला का ते कळायला चिमूटभर काचेच्या बरणीत पाण्यात घालून हलव आणि उजेडासमोर धर, ढगासारखा सारखा पसरला तर झालं, गोळे दिसले तर परत मोगरी.

पुण्याला शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, सुती चिंध्यांपासून कागद बनवतात, गाडी पकडून एकदा जाऊन येच. जयपूरजवळ सांगानेरला कागझी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. ओल्या लगद्यात साचा कसा बुडवतात आणि उचलताना मनगट कसं हलतं हे व्हिडिओत नीट कळतच नाही, शेजारी उभं राहावं लागतं.

आणि आता गोव्याचं खरं दुखणं, दमट हवा. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या आसपास असते, कापड-कागदाला बरी म्हणजे पन्नासच्या आसपास, आणि ६५ च्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. म्हणून वर्षाचं गणित बदल. ओलं काम, म्हणजे कागद काढणं, रंगवणं, ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर विणणं, शिवण, हिशेब, अर्ज. तयार कामं भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत, लोखंडी कपाटात सिलिका जेल घालून ठेव (जेल ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं), आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून बघ, चंदेरी कसर लागली की ती लगद्यातला खळीचा स्टार्च आधी खाते. फ्रेम करताना काच कामाला चिकटता कामा नये, आत पट्टी लावून अंतर ठेवायला सांग, नाहीतर काचेवर धरलेलं पाणी थेट कागदात उतरतं. काम मागच्या पुठ्ठ्याला फेव्हिकॉलने डकवू देऊ नकोस, जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) छोट्या बिजागऱ्या करून गव्हाच्या खळीने वरच्या कडेला लाव, म्हणजे उद्या पाणी लावून सोडवता येतं. कळंगुटच्या बाजूच्या एका गॅलरीने माझं एक मोठं काम एसीच्या झोतासमोर टांगलं होतं, रात्री एसी बंद, सकाळी चालू, सीझन संपेस्तोवर ते पापडासारखं वळलं आणि मला म्हणाले तुमचं मटेरियलच तसलं. तेव्हापासून काम देताना कागदावर लिहून देते, कुठे लावायचं नाही ते, आणि सही घेते.

गॅलरीचं निघालंच आहे तर. कमिशन ३० ते ५० टक्के असतं, त्यात अन्याय काही नाही, पण ठेवून घेतलेल्या प्रत्येक कामाची पावती घे: नाव, माप, किंमत, परत कधी. किंमत लावताना पेंटिंगवाल्यांचा चौरस फुटाचा भाव उचलू नकोस. दोन फुटाच्या विणकामाला महिना जातो, तेवढ्याच कागदाला चार दिवस. तासांची वही ठेव, मजुरी धर, माल धर, कमिशन धर, आणि मग जो आकडा येईल तो मोठ्याने बोलायची सवय कर, आपल्या मुलींना तिथेच लाज वाटते. आणि बुकमार्क-डायऱ्या विकायच्या असतील तर खुशाल विक, लोकोत्सवात, गणेश चवथीच्या बाजारात, पण वेगळ्या नावाने. एकाच टेबलावर दीडशेची डायरी आणि चाळीस हजारांचं काम ठेवलं की लोक चाळीस हजाराच्या कामावर घासाघीस करतात.

गोव्यात दुसरं काम काय मिळेल? बरंच काही. सेरेंडिपिटी कला महोत्सव २०१६ पासून डिसेंबरात पणजीत भरतो, तिथे कामं उभारायला हात लागतात, मानधन आधी विचारून घे आणि जा, चांगल्या कलाकाराचं कापड कसं टांगतात, पेटीत कसं भरतात हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. सुनापरान्त, फुंदासांव ओरिएंत, पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा या कलासंस्थांतल्या वर्कशॉपवर लक्ष ठेव, आधी शिकायला, मग शिकवायला. दिवाळीआधी नरकासुराची तोंडं करायला पोरं माणसं शोधत असतात. हसू नकोस, कागद-खळीने पंधरा फुटी सांगाडा मढवून बघ म्हणजे लगदा कुठे तडकतो, वजन कुठे येतं ते कळेल, पहाटे जाळतात ते सोड, पैसे संध्याकाळीच घ्यायचे. जुन्या घरांतल्या क्रोशाच्या लेसा, लग्नाच्या साड्या, चर्चमधली वस्त्रं दुरुस्त करणारं माणूस इथे सापडता सापडत नाही, ते काम शिकलीस तर मरेपर्यंत पुरेल.

आणि व्हिला. आसगाव-शिवोलीकडचे आर्किटेक्ट मोठ्या भिंतीसाठी कापडाचं काही मागतात, बहुतेकांना निळ्या लाटाच हव्या असतात. घे ते काम. पन्नास टक्के आगाऊ, सॅम्पल एकदाच, आणि ऊन कुठून येतं ते जागेवर जाऊन बघितल्याशिवाय झेंडू-कोकमाचे रंग द्यायचे नाहीत, कोकमाचा रंग तर बघता बघता उडतो. दोन लाटा विकल्या की सहा महिने स्वतःचं काम होतं, मला यात कमीपणा वाटत नाही.

एकच गोष्ट टाळ. कुणबी साडीचा लाल चौकडा टाकला की झालं गोंयचं काम, ही सध्याची फॅशन. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने कुणबी साडी परत लोकांसमोर आणली ती अभ्यास करून, गोव्याच्या पेहरावाचा इतिहास उपसून. तू ती साडी विणून बघ, विणणाऱ्यांना भेट, मग हवं तर वापर. सध्या कुशन कव्हरपासून नॅपकिनपर्यंत जे चाललंय त्यात अजून एकाची भर नको.

शिक्षणाचं: जायचंच तर शांतिनिकेतनच्या कलाभवनात कापडाचं शिक्षण आहे, बडोद्याला आजूबाजूचे लोक तगडे आहेत, पण फी आणि राहण्याचा खर्च कर्ज काढून करू नकोस. त्याआधी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची स्कॉलरशिप बघ, १८ ते २५ वयासाठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. २५ नंतर ज्युनिअर फेलोशिप असते, ४० पर्यंत, महिना १०,०००. श्रीमंत होणार नाहीस, पण अर्ज लिहिताना आपण नेमकं काय करतो हे एका पानात मांडावं लागतं आणि तेच पान पुढे गॅलरीला, रेसिडेन्सीला, सगळीकडे चालतं. हस्तकला विभागाचं कारागिरांचं पहचान कार्डही काढून ठेव, मेळ्यांत स्टॉल मिळवताना उपयोगी पडतं.

आईशी भांडू नकोस. बी.एड. करायला माझी हरकत नाही, शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागलीस तर मे महिन्याची सुट्टी मिळते आणि पावसाआधी कागद काढून वाळवायला तो वेळ कामी येतो. पण कोर्स संपेपर्यंत हात सोडू नकोस, रोज तासभर तरी माग किंवा मोगरी. आणि तो मोठा चार पावडींचा (पायाने दाबायच्या पट्ट्यांचा) माग घ्यायचा म्हणतेयस तो आत्ता घेऊ नको, माडीवर पावसात लाकूड फुगतं, पावड्या अडकतात. चवथीनंतर बघू, फोंड्याच्या बाजूला एकांकडे जुना पडून आहे, विकायचा म्हणत होत्या, विचारून सांगते.