अल्पवयीनांच्या कायद्यासाठी विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढून काही होतं का?

तुम्ही पुण्यात लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहात. कल्याणीनगरचा पोर्शे अपघात आणि कोयत्याच्या रोजच्या बातम्या बघून ‘बालगुन्हेगाराचं वय १८ वरून १६ करा’ म्हणून सह्या गोळा करायच्या म्हणताय, आणि विचारताय की याने काही होईल का, का विद्यार्थ्यांनी दुसरं काही करावं.

मी मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेच्या पॅनेलवरून बाल न्याय मंडळासमोर या मुलांच्या बाजूने उभी राहते. माझं म्हणणं तेवढं एकतर्फी धरूनच वाचा.

१६ ते १८ वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची सोय १५ जानेवारी २०१६ पासून आहेच. फक्त त्या गुन्ह्याला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली हवी, आणि मुलाची समज व परिस्थिती मंडळाने आधी तपासायला हवी. पोर्शे प्रकरणात गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलावर भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ (सदोष मनुष्यवध) होतं. त्यात जन्मठेपही होऊ शकते, पण किमान सात वर्षांची अट नाही. अशा गुन्ह्यांना ही तरतूद लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं. म्हणून जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोलिसांची मागणी फेटाळली.

वय सरसकट १६ केलं असतं तर तो मुलगा मोठ्यांच्या कोर्टात गेला असता, हे खरं. पण त्याच्याबरोबर मोबाईल उचलणारा आणि मित्राच्या गाडीवर मागे बसून गेलेला पोरगाही गेला असता. आमच्याकडे येणाऱ्यांत असेच जास्त असतात, त्यांची बातमी होत नाही. आणि लोक चिडले ते जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर आणि बदललेल्या रक्ताच्या नमुन्यांवर. नमुने बदलल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे, ते सगळे सज्ञान आहेत!

रस्त्यावर उतरून काही होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये निर्भया प्रकरणानंतर दिल्लीत विद्यार्थी थेट रायसीना टेकडीपर्यंत गेले, म्हणून कायदे सुधारण्यासाठी न्या. वर्मा समिती नेमली गेली. समितीकडे सुमारे ८०,००० सूचना आल्या आणि २९ दिवसांत अहवाल तयार झाला. त्यात वय कमी करू नका, असं स्पष्ट लिहिलं होतं. २० डिसेंबर २०१५ ला त्या प्रकरणातला अल्पवयीन सुटला, पुन्हा निदर्शनं झाली आणि २२ तारखेला राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला; १६ ते १८ वयाची वरची सोय त्यातलीच. म्हणजे गर्दीला ताकद आहे. पण समितीने बालगृहांच्या दुरवस्थेबद्दलही लिहिलं होतं, त्या पानांसाठी एवढी गर्दी झाली नाही.

माझ्या मते तुमचं काम त्या पानांत आहे. कायद्यात लिहिलंय की मंडळाने चौकशी चार महिन्यांत संपवावी, फार तर आणखी दोन. किरकोळ गुन्हा असेल आणि तेवढ्यात संपली नाही, तर प्रकरण बंद. परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यावा, असंही आहे. तुमच्या जिल्ह्यात हे होतं का, ते विचारा. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा: किती प्रकरणं प्रलंबित, त्यातली सहा महिन्यांवरची किती, वर्षभरात मंडळाच्या बैठका किती झाल्या. फी दहा रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणजे त्या निबंधाच्या निम्म्यात. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी ऐंशीच्या दशकात हेच विचारलं होतं, तुरुंगात मुलं किती आहेत? सुप्रीम कोर्टाने त्यावर राज्यांकडून माहिती मागवली आणि जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी द्यायला सांगितलं.

दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. लॉचे विद्यार्थी घेतात. मंडळाचं कामकाज बघायला मिळेल म्हणून जाऊ नका, ते सगळ्यांना खुलं नसतं. तुमची गरज बाहेरच्या बाकावर आहे. मुलगा १८ च्या आतला आहे हे दाखवायला आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. आता शाळा नांदेडच्या एखाद्या गावात, पोरगं सहावीतून सुटलेलं, आई चार घरची धुणीभांडी करते आणि तारखेच्या दिवशी खाडा पडतो. मुख्याध्यापकांना फोन कोण करणार? हे काम वकिलाकडून राहून जातं, मीच सांगते. तुमच्यासारख्या कुणी पाठपुरावा केला तर दाखला पुढच्या तारखेपर्यंत हातात येतो आणि मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात जात नाही.

तिसरं तुमच्या कॉलेजातलंच. मंडळाने निकाल दिलेल्या मुलाला त्या प्रकरणामुळे कुठलीही अपात्रता लागू होत नाही, हे बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं. प्रवेशाच्या वेळी कॉलेजचं ऑफिस ते पाळतं का, हे प्राचार्यांना लेखी विचारा. (मोठ्यांसारखा खटला चालून दोषी ठरलेल्या १६ वर्षांवरच्या मुलांना हे लागू नाही.)

मोहीम काढलीत तरी कुठल्याही मुलाचं नाव, फोटो, शाळा पोस्टरवर किंवा रीलमध्ये येऊ देऊ नका. त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि माहितीच्या अर्जात विषय एकच ठेवा, नियमच तसा आहे. परिविक्षा अधिकाऱ्यांची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, हे विचारायला वेगळा अर्ज करा.