मधली जागा

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझा मेसेज पहाटे पावणेचारला आलेला दिसतो. मी साडेपाचला चष्मा शोधून वाचला आणि मग हिला मोठ्यानं वाचून दाखवला. ही म्हणाली, "पोर रडत रडत लिहितेय, लगेच वचनं फेकून मारू नका तिला." म्हणून चार दिवस थांबलो. फोनवर लिहायला गेलो की माझा अंगठा भलत्याच अक्षरावर पडतो, त्यामुळे कागदावर लिहितोय. भाचा फोटो काढून पाठवील. अक्षर लावून वाच, शाळेत तुम्हाला लावायला लावायचो तसं.

प्रार्थना कर, शास्त्र वाच, हे मी लिहिणार नाही. ते तू करतेसच, नाहीतर हा प्रश्न पडलाच नसता.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. गावच्या ख्रिस्ती मंडळीत वार्षिक सभेला जे झालं, तुझ्या वडिलांना भर सभेत जे बोललं गेलं, खुर्ची उचलली गेली, ते बघितल्यापासून चर्चच्या पायरीवर पाय ठेववत नाही. पुण्यात त्या मोठ्या हॉलमधल्या उपासनेला गेलीस, दिवे, ड्रम, पहिले दोन महिने अंगावर काटा यायचा, मग तोही यायचा थांबला. आता रविवारी रूमवर कानात इअरफोन घालून उपासना ऐकतेस. आणि ख्रिस्त खरा जाणवला तो नाइट ड्यूटीला, तीन नंबरच्या बेडवरच्या आजींचा हात धरून बसलीस तेव्हा. म्हणून विचारतेस, "सर, तो नक्की असतो कुठे?"

उत्तर तुला पाठ आहे. संडेस्कूलला बक्षीस मिळालं होतं त्यावर. मत्तय 18, ओवी 20. "जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे त्यांच्यामध्ये मी आहे."

हे वचन आपण पार गुळगुळीत करून टाकलंय. पावसाळ्यात चार डोकी उपासनेला आली की पाळक हेच काढतात, म्हणजे रिकाम्या बाकांकडे बघून कुणाला वाईट वाटायला नको. पण ते कुठं लिहिलंय ते बघ. मागे काय आहे? तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर जा आणि दोघंच असताना त्याला त्याचा दोष दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आणि पुढे लगेच पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? म्हणजे अलीकडे भांडण, पलीकडे भांडण, आणि मधोमध येशू म्हणतो, तिथं मी आहे. वार्षिक सभेचंच वर्णन आहे गं ते. फक्त खुर्ची उचललेली लिहिलेली नाही.

"त्यांच्यामध्ये." हा शब्द नीट वाच. "त्याच्यामध्ये" नाही, "तिच्यामध्ये" नाही. आणि आपल्या मराठीत "मध्ये" म्हणजे आत, तसंच दोघांच्या मधली जागाही. तू आणि तुझ्या वडिलांना बोलणारा तो माणूस, यांच्या मधली जी जागा आहे, जिच्याकडे बघायलाही तुला नको वाटतं, तिथं तो उभा आहे. इअरफोनमध्ये मधली जागाच नसते. तिथं एकटी तूच असतेस.

तू म्हणशील, देव माझ्या अंतःकरणात राहतो असं तुम्हीच शिकवलंत. शिकवलं. खोटं नाही ते. पण प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो, तुम्ही देवाचं मंदिर आहा, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये तो "तुम्ही" अनेकवचनी आहे. पौल काही त्यांना अहो-जाहो करत नव्हता. तुम्ही सगळे मिळून एक मंदिर, असं म्हणतोय. आणि म्हणतोय कुणाला? मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे गट पाडून बसलेल्या मंडळीला. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या विधीला, यायचे आणि एक जण उपाशी राहायचा, दुसरा पिऊन तर्र व्हायचा, अशी ती मंडळी. पौलानं त्यांना धुऊन काढलं, पण पत्राच्या सुरुवातीला "देवाची मंडळी" हेच नाव लिहिलं. मी असतो तर लिहिलं नसतं. मी लिहिलं नाहीच, त्याचीच गोष्ट पुढे येतेय.

थोमा आठवतो का? शिष्य दार लावून बसले होते तेव्हा मेलेल्यांतून उठलेला येशू आला, आणि थोमा नेमका तिथं नव्हता. कुठं गेला होता ते योहान सांगत नाही. मला वाटतं तोही तुझ्यामाझ्यासारखा, या भित्र्यांत काय बसायचं म्हणून बाहेर पडला असेल. हा आपला माझा तर्क. पण पुढचं बघ. येशू थोमाला रस्त्यात गाठून, एकट्याला बाजूला घेऊन जखमा दाखवू शकला असता. नाही दाखवल्या. आठ दिवस थांबला. थोमा त्याच माणसांत, त्याच बंद दाराआड येऊन बसला, तेव्हा आला. मी हा अध्याय किती वर्षं वर्गात शिकवला, पण हे आठ दिवस मला दिसले नाहीत, कारण मला बघायचे नव्हते.

आता "जाणवत नाही" याबद्दल. हे तुमच्या पिढीचं नवीन खूळ आहे, असं मी म्हणणार होतो. हिनं खोडायला लावलं. पण जाणवलं नाही म्हणजे तो नव्हता, हे तुला सांगितलं कुणी? अम्माऊसच्या वाटेवर ते दोघे शिष्य यरुशलेमेहून निघाले, साधारण अकरा किलोमीटरची वाट, आणि तो तिसरा, उठलेला येशूच, शेजारून चालतोय, शास्त्र उलगडून सांगतोय, तरी यांना पत्ता नाही. संध्याकाळ होत आली म्हणून त्याला घरात बोलावला, त्यानं भाकर मोडली तेव्हा ओळख पटली, आणि पटली तोच दिसेनासा झाला. अंतःकरण पेटलं होतं हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. चालताना कुणी म्हणालं का, मला आत्ता काहीतरी जाणवतंय? तू पेशंटचा ताप बघतेस तेव्हा तुला काय वाटतं यावर पारा चढतो का?

कवी नारायण वामन टिळकांचं नाव तू पुढं केलंस तेव्हा मला हसू आलं. टिळकांनी मिशन सोडलंच होतं, एकट्यानं भक्ती केली, म्हणतेस. अर्धवट वाचतेस तू. 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला माणूस, 1917 मध्ये मिशनच्या नोकरीतून मोकळा झाला हे खरं. पण सातारला जाऊन केलं काय? देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताचं नाव घेणारे सगळे एका ठिकाणी यावेत म्हणून. दोन वर्षांत, 1919 ला गेले. ज्याच्या लेखणीत एवढी एकांतातली भक्ती, त्यालाही बाहेर पडून चार माणसंच गोळा करावीशी वाटली. "दरबार" हा शब्द बघ. दरबार एकट्याचा भरतो का?

आता माझं ऐक. तुझ्या आईनं थोडंफार सांगितलं असेल, पण ती तेव्हा लहान होती.

1988 साल. हंगामाच्या सणाचा लिलाव झाला. ज्वारीची पोती, कोंबड्या, भोपळे, एक बोकड. पैसे चर्चच्या छपराच्या पत्र्यांसाठी ठेवायचे ठरले होते. नवे पत्रे आले तेव्हा हिशेबात 1,740 रुपये कमी. खजिनदार माझाच वर्गमित्र, एका बाकावर बसून शिकलेलो आम्ही. मी वही घेऊन सर्वसाधारण सभेत उभा राहिलो आणि पान 14 मोठ्यानं वाचून दाखवलं. तो काळाठिक्कर पडला. म्हणाला, सुताराला रोख दिले, पावती राहिली. मी म्हणालो, पावती नाही तर पैसे नाहीत. सभा त्याच्या बाजूनं गेली. मी वही काखेत मारली आणि बाहेर पडलो तो अकरा वर्षं आत गेलो नाही.

अकरा वर्षं! ही दोन पोरांना घेऊन जायची, मी ओट्यावर पेटी काढून बसायचो. रविवारी सकाळी चर्चमधलं गाणं ओट्यापर्यंत ऐकू यायचं. त्यांची पट्टी एक असायची, मी मुद्दाम दुसरी धरायचो. भेटेल त्याला सांगायचो, माझा ख्रिस्त माझ्याजवळ आहे, मला त्या चोरांची गरज नाही. आज वाटतं, माझ्याजवळ होती ती वही.

आणि हे नीट लक्षात घे, हिशेब माझाच बरोबर होता. आजही छातीवर हात ठेवून सांगतो. बेरीज तीनदा केली होती. सुतार नंतर दुसऱ्या गावी गेला, त्याला कुणी विचारलं नाही, मी विचारा म्हणत होतो. मंडळीच्या पैशाला शिस्त नको? गरिबांनी दिलेल्या कोंबड्या होत्या त्या. मी गप्प बसायला हवं होतं असं मला कुणीही सांगू नये, तूही नको. चुकलं ते एवढंच की आधी त्याच्या घरी जायला हवं होतं. दोघंच असताना. मत्तय 18 ची पहिली पायरी मी ओलांडून थेट तिसरीवर उडी मारली. त्याच्या घरी चहाला बसून म्हणालो असतो, "अरे, हे सतराशे चाळीस जुळत नाहीत," तर कदाचित पावती निघाली असती. कदाचित नसतीही.

1999 च्या जुलैत माझी आई गेली. पाऊस, आणि कबरस्तानात खाली सगळा मुरूम. पोरं खणून दमली. मी गेलो तेव्हा खड्ड्यात उतरून पहार मारत होता तो. पन्नाशी उलटलेली, बनियन चिखलानं भरलेली. वर बघितलं नाही त्यानं. मीही हाक मारली नाही.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला गेलो. उशिरा गेलो, म्हणजे कुणाशी बोलायला नको. जागा एकच रिकामी होती. तू म्हणशील सर गोष्ट रचतात, पण आपल्या चर्चला बाकं किती ते तुला माहीत आहे. त्याच्या शेजारची जागा. काचेच्या इवल्या पेल्यांची थाळी हातोहात येत होती, पेले किणकिणत होते. त्याच्याकडे आली आणि किणकिण वाढली. त्याचा हात थरथरत होता. तो आजार तेव्हा नुकता लागला होता, मला माहीतच नव्हतं. रस थाळीत सांडायला लागला. मी खालून थाळी धरली. त्यानं पेला उचलला, ओठाला लावला, परत ठेवला, मग मी माझा घेतला. थाळी आम्हा दोघांच्या हातांत होती. एवढंच. मला काहीही जाणवलं नाही, पोरी. ना काटा, ना अश्रू. बाहीला रस लागला म्हणून ही काय म्हणेल, एवढंच डोक्यात होतं.

सात वर्षं थाळी मीच धरली. पुढंपुढं पेलाही मीच लावायचो त्याच्या ओठाला. त्या पैशांचा विषय आम्ही कधी काढला नाही. माफी त्यानं मागितली नाही, मी मागितली नाही. 2006 ला तो गेला. काढायला हवा होता विषय. आता तो हिशेब कुणाबरोबर मिटवू?

तीन नंबरच्या आजींचं राहिलंच. तिथं तो होता यात मला शंका नाही. पण ते तू माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलंस याचा मला राग आला. तू एकटी कुठं होतीस तिथं? तुझा हात आणि त्यांचा हात. त्या ख्रिस्ती नव्हत्या, ख्रिस्ताच्या नावानं तूच तेवढी आली होतीस. मग वचन अक्षरशः लागू पडत नाही, असं म्हणणारे म्हणोत. मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात, हेही मत्तयातच आहे, अध्याय 25. मधली जागा होती, म्हणून तो होता. कोणी एक माणूस लागतंच. आजींचा हात धरणं सोपं, कारण आजींनी तुझ्या वडिलांना शिवी दिलेली नाही.

आणि एक. इ.स. 112 च्या सुमाराला प्लिनी नावाच्या रोमी सुभेदारानं सम्राट त्राजानला पत्र लिहिलंय. हे ख्रिस्ती काय करतात याचा त्यानं तपास केला. ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याची गीतं गातात, शपथ घेतात की चोरी करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही. खात्री करायला त्यानं दोन दासींचा छळ केला, मंडळीत त्यांना सेविका म्हणत. दोघी होत्या. मला त्यांची फार आठवण येते. शत्रूच्या लेखी ख्रिस्ती ओळखायची खूण काय, तर जमतात.

वडिलांचा अपमान विसर असं मी म्हणत नाही. उलट जा आणि त्या माणसाला तोंडावर सांग. पण त्याच्या घरी, त्याच्या ओट्यावर, दोघंच असताना. ऐकलं नाही तर मला ने, मी येतो. माझं या बाबतीत गावात फारसं वजन नाही, तरी येतो.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. ड्यूटी बदलून मिळाली तर शनिवारी रात्रीच ये, ही भाकरी टाकून ठेवील. तो माणूस खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसतो, बायको माहेरी असल्यानं शेजारी जागा आहे. त्या बाजूचा पंखा बंद आहे, रुमाल घेऊन ये.

तुझा,
संडेस्कूलचा सर

ता. क. वही अजून ट्रंकेत आहे. पान 14 चा फोटो हवा असेल तर भाच्याला सांगतो. बेरीज तूही करून बघ.