वाचकांचे प्रश्न : कुमारांच्या अद्भुतकथा निवडताना

प्रश्न : आमच्या वाचनगटात वर्षअखेरीस प्रत्येकाने कुमारांसाठीच्या फँटसी आणि भुताखेतांच्या पुस्तकांतली आवडती पाच सांगायची असतात. वीसेक वाचली, पण सगळी एकमेकांत मिसळली आहेत. निवडू कशी?

उत्तर : नुसत्या आठवणीवर विसंबलं की शेवटच्या दोन महिन्यांतली पुस्तकं पुढे सरकतात आणि जानेवारीतली मागे पडतात. यंदा एवढं करा : एकही पुस्तक न उघडता प्रत्येकाबद्दल तीन ओळी लिहा. इथली जादू काय करू शकते, काय करू शकत नाही आणि ती वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं. तिन्ही ओळी जमल्या ती पुस्तकं बाजूला काढा. चुरस उरली तर तेवढ्यांचंच पहिलं आणि शेवटचं प्रकरण पुन्हा वाचा. पुढच्या वर्षी मात्र पुस्तक संपेल त्या दिवशीच तारखेसह टिपून ठेवा.

आमच्या मते तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची. जादू फुकट मिळाली की धोका उरत नाही. नायिका अडकली रे अडकली की तिला नवी शक्ती सापडते, मग शेवटची लढाई शंभर पानं चालली तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही. गार्थ निक्स यांचं ‘सॅब्रिएल’ (1995) याच्या नेमकं उलट आहे. मेलेल्यांना परत धाडणाऱ्या नायिकेकडे छातीवरच्या पट्ट्यात सात घंटा आहेत, प्रत्येकीला नाव आणि स्वभाव. सगळ्यांत लहान रॅना झोपवते. मोझ्राएल मेलेल्याला जागं करते, पण ऐकणारा जीवनाकडे येतो तेव्हा वाजवणारा मृत्यूत तेवढाच आत ढकलला जातो. सगळ्यांत मोठी अ‍ॅस्टराएल ऐकणाऱ्या सगळ्यांनाच मृत्यूत लोटते, वाजवणाराही त्यातून सुटत नाही. म्हणूनच तिचा हात पट्ट्याकडे गेला की आपण पान घट्ट धरतो.

प्रश्न : फँटसी आणि पॅरानॉर्मल यांत फरक काय?

उत्तर : फँटसीत जगच वेगळं असतं, पॅरानॉर्मलमध्ये आपल्याच जगात काहीतरी शिरतं. रेषा पक्की नाही. ‘सॅब्रिएल’मध्येच एका भिंतीच्या अलीकडे यंत्रांचा देश आहे आणि पलीकडून वारा सुटला की ती यंत्रं बंद पडतात.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. मालिकेतला हाताला लागेल तो भाग वाचते आणि मग कंटाळते. क्रम पाळायलाच हवा का?

उत्तर : प्रत्येक मालिकेचं उत्तर वेगळं. ली बार्डुगो यांचं ‘सिक्स ऑफ क्रोज’ (2015) आणि त्याचा 2016 चा दुसरा भाग ही जोडी स्वतंत्र वाचता येते. फक्त त्याच जगातल्या 2012 ते 2014 मधल्या त्रयीचा शेवट तिथे कळून जातो. त्रयी वाचायची असेल तर ती आधी घ्यावी. ‘सिक्स ऑफ क्रोज’मध्ये हिंसा आणि मानवी तस्करी आहे, त्यामुळे तेराव्या वर्षी आधी तुम्ही चाळून बघा.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’त मात्र क्रम मोडू नका. पहिलं पुस्तक 1968 चं, तिसरं 1972 चं आणि चौथं थेट 1990 चं. त्या अठरा वर्षांत लेखिकेची नजर बदलली आहे. चौथ्यात आगीत भाजलेली, अत्याचार सोसलेली एक लहान मुलगी आहे. पहिली तीन तिला आता द्या, चौथं दोन-तीन वर्षांनी.

प्रश्न : घरात आजारपण आहे. बारा वर्षांच्या मुलाला पॅट्रिक नेस यांचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ द्यावं का?

उत्तर : पुस्तक अप्रतिम आहे, म्हणूनच जपून द्या. आई कॅन्सरने आजारी असलेल्या कॉनरकडे रात्री 12.07 वाजता य्यू वृक्षाचा राक्षस येतो. तो तीन गोष्टी सांगतो आणि चौथी कॉनरने सांगायची, तीही खरी. ते खरं म्हणजे हे सगळं एकदाचं संपावं ही मुलाच्या मनातली इच्छा आणि तिचा अपराधभाव. आजारी माणूस बरं होतं अशी ही गोष्ट नाही, हे आधी सांगा. तुम्ही स्वतः पूर्ण वाचून मगच त्याच्या हाती द्या, आणि शेवटची प्रकरणं तो वाचत असेल तेव्हा घरात, त्याच्या हाकेच्या अंतरावर राहा.