शेवग्याच्या अर्काने उंदरांचं हिमोग्लोबिन वाढलं, हे सिद्ध कसं करायचं?

तुमचा प्रश्न असा: फिनाइलहायड्रॅझिन या रसायनाने विस्टार जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांत रक्तक्षय घडवला, शेवग्याच्या पानांचा अर्क दोन आठवडे पाजला, हिमोग्लोबिन पूर्वपदावर आलं, एवढ्यावर अर्क गुणकारी म्हणता येईल का? नाही. फिनाइलहायड्रॅझिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, पण अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी तयार करणारा गर) शाबूत असते. इंजेक्शनं थांबली की मज्जा जोमाने पेशी तयार करते आणि दोनेक आठवड्यांत उंदीर आपोआप सावरतो.

म्हणून रक्तक्षय केलेला, पण अर्काऐवजी नुसतं ०.५% सीएमसी (कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज, म्हणजे अर्क ज्यात मिसळतात ते द्रावण) पाजलेला गट हवाच. तुलना त्याच्याशी, त्याच दिवशीच्या आकड्यांची. शेवटच्या दिवशी सगळे गट सारखेच दिसतील. खरा फरक पहिल्या आठवड्यात पकडायचा. त्यासाठी रेटिक्युलोसाइट (मज्जेतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी) मोजा, न्यू मेथिलीन ब्लू हा रंग वापरून. नुसत्या हिमोग्लोबिनवरून पेशी फुटणं कमी झालं की निर्मिती वाढली, हे कळत नाही.

सर्वात जास्त घोळ मोजणीत होतो. फिनाइलहायड्रॅझिनने पेशींत हाइन्झ बॉडी (बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या) तयार होतात. पेशी विरघळवल्यावरही त्या तशाच राहतात, द्रावण गढूळ होतं आणि रक्तपेशी मोजणारं यंत्र हिमोग्लोबिन खोटं जास्त दाखवतं. एमसीएचसी (तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनचं सरासरी प्रमाण) ४० ग्रॅम/डेसिलिटरच्या पुढे दिसला तर हेच कारण धरून चाला. ड्रॅबकिन द्रावणातला (हिमोग्लोबिन मोजण्यासाठी रक्त ज्यात मिसळतात त्यातला) नमुना सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ भाग ५४० नॅनोमीटरवर वाचा. पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) बारीक केशनळीत रक्त फिरवून वेगळा काढा. पांढऱ्या पेशींचा आकडाही याच गडबडीने फुगतो, तेव्हा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय तो लिहू नका.

यंत्र माणसाच्या सेटिंगवर असेल तर तेही बदला. उंदराची तांबडी पेशी साधारण ५०–६० फेम्टोलिटरची, आपली ८०–१००ची.

डोसचं गणित: २०० मिग्रॅ/किलोसाठी ४० मिग्रॅ/मिली सस्पेन्शन करून ५ मिली/किलो द्या, म्हणजे २०० ग्रॅमच्या उंदराला १ मिली. प्रत्येक वेळी बाटली हलवा. अर्क तळाशी बसला की शेवटच्या उंदराला भलताच डोस जातो. रोज वजन करा. उंदीर पाणी कमी प्यायला तर रक्त दाटतं आणि पीसीव्ही फसवा वाढतो.

२०० ग्रॅमच्या उंदरात जेमतेम १३ मिली रक्त असतं. एका वेळी १.२ मिलीच्या पुढे जाऊ नका, आणि तेवढं काढलं तर दोन आठवडे थांबा. म्हणजे पहिल्या आठवड्यात वारंवार मोजायचं तर दर वेळी ०.२ मिलीच घ्या, नाहीतर तुमचं रक्त काढणंच रक्तक्षय वाढवेल. दर वेळी जागा आणि वेळ तीच ठेवा: शेपटीच्या आणि हृदयातल्या रक्तात पांढऱ्या पेशींचे आकडे जुळत नाहीत. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) रक्ताच्या दर मिलीला दीड ते पावणेदोन मिग्रॅ पुरे. जास्त झालं की पेशी आकसतात आणि पीसीव्ही घसरतो.

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आणि वनस्पतीची ओळखपत्रिका (पुण्यात बीएसआय, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेकडून मिळते) काम सुरू करण्याआधीच हातात घ्या.