वाचक विचारतात : यादीतला स्वल्पविराम

प्रश्न : तीन-चार शब्द ओळीने आले की ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम द्यावा का?

उत्तर : एरवी नको. ‘वही, पेन, पट्टी आणि खोडरबर’ एवढे पुरते; शेवटच्या दोन शब्दांना जोडायचे काम ‘आणि’ने होतेच. घोळ होतो तो यादीतल्या एखाद्या घटकातच ‘आणि’ असेल तेव्हा. ‘लेखन, संपादन आणि मुद्रितशोधन आणि वितरण’ यात विभाग तीन की चार? आतल्या जोडीला ‘व’ ठेवा, बाहेर ‘आणि’, आणि त्याच्या आधी स्वल्पविराम द्याच : ‘लेखन, संपादन व मुद्रितशोधन, आणि वितरण’. आता विभाग तीन.

काही घोळ मात्र स्वल्पविरामाने सुटत नाहीत. ‘अध्यक्ष, खजिनदार आणि सल्लागार उपस्थित होते.’ माणसे किती आली? आदरार्थी बहुवचनामुळे तिन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असली तरी क्रियापद ‘होते’च राहते. तीन माणसे असतील तर ‘हे तिघे उपस्थित होते’ लिहा. एकच असेल तर ‘अध्यक्ष, खजिनदार आणि सल्लागार अशी तिन्ही पदे सांभाळणारे’ असे लिहून पुढे नाव द्या. वाक्य लांबते, लांबू द्या.

प्रश्न : ‘मीना, राजू आणि सुधाने’ हे बरोबर आहे का?

उत्तर : बोलताना खपते, लिहिताना मीना आणि राजू लोंबकळतात. ‘मीना, राजू आणि सुधा यांनी’ लिहा. नावांची मूळ रूपे शाबूत राहतात आणि प्रत्यय तिघांनाही लागतो. ‘यांनी’च्या आधी स्वल्पविराम नको. ‘इत्यादी’च्या आधीही नको. शिवाय ‘वही, पेन आणि पट्टी इत्यादी’ असे लिहू नका : यादी संपली असे ‘आणि’ सांगतो आणि अजून बाकी आहे असे ‘इत्यादी’. त्यातला ‘आणि’ काढा.

प्रश्न : ‘१,२००, ३,४५०, ५००’ ही यादी वाचताना अडखळायला होते.

उत्तर : होणारच, एकच चिन्ह दोन कामे करते आहे. रकमांमध्ये अर्धविराम द्या : ‘१,२००; ३,४५०; ५००’. नावापुढे पद आणि गाव येणाऱ्या याद्यांनाही हेच लागू.

टंकताना स्वल्पविराम आधीच्या शब्दाला चिकटवा, जागा त्याच्यानंतर सोडा. आधी जागा सुटली, तर ओळ नेमकी तिथे तुटून स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.