सूर्याला झाकण्याचे संशोधन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ऊन जरा कमी झाले, तर खरड छाटणीनंतरची कोवळी फूट करपणार नाही. मग सूर्याला झाकायला एवढा विरोध कशाला? – द्राक्ष बागायतदार, निफाड

सूर्याला झाकणे म्हणजे वातावरणात उंचावर सल्फरचे कण सोडून थोडे ऊन परत अवकाशात पाठवणे. त्याने तापमान उतरते, हे खरे आहे. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पृथ्वी तात्पुरती सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली. पण पुढच्या वर्षी जगभर जमिनीवरचा पाऊसही घटला. आपली काळजी इथे आहे. फवारणी फक्त उत्तर गोलार्धात झाली, तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, असे संगणकीय प्रारूपे दाखवतात. तुमची बाग ठिबकवर असेल. पण गंगापूर आणि दारणा ही धरणे भरतात ती त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसावर. शिवाय हे कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात. फवारणी मध्येच थांबली, तर हवेत साठलेल्या कार्बनची दबलेली उष्णता काही वर्षांतच उसळून येईल.

पण संशोधनालाच विरोध करणे अवैज्ञानिक नाही का? – विद्यार्थिनी, कॉलेज रोड

संगणकावरचे संशोधन थांबू नये, उलट वाढावे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदस्वामी बाला अनेक वर्षे ते करत आहेत. मान्सूनचे काय होईल, हे आपणच तपासायला हवे. दुसरे कोणी ते आपल्या काळजीने तपासणार नाही.

वाद आहे तो उघड्या आकाशातल्या प्रयोगांचा. हार्वर्डच्या गटाला २०२१ मध्ये स्वीडनमधल्या किरुना इथून फुगा सोडून फक्त उपकरणे तपासायची होती, कण सोडायचेही नव्हते. तरी तिथल्या मूळनिवासी सामी लोकांनी ‘आम्हाला विचारले का?’ असे ठणकावले आणि चाचणी रद्द झाली. मला त्यांचे पटते. उलट एका अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये मेक्सिकोत कोणालाही न विचारता सल्फरचे फुगे सोडले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने अशा प्रयोगांवर बंदी जाहीर केली. २०२४ मध्ये नैरोबीच्या संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने निव्वळ तज्ज्ञगट नेमण्याचा ठराव मांडला, त्यावरही एकमत झाले नाही. नियम नाहीत, तोवर ज्याच्याकडे पैसा त्याचाच शब्द चालणार. म्हणून मोकळ्या हवेतला प्रयोग लहान असो वा मोठा, आधी माहिती जाहीर व्हावी आणि ज्यांच्या डोक्यावर तो होणार त्यांची संमती घ्यावी. त्या चर्चेत भारताने पाहुणा म्हणून बसू नये.

मराठवाड्यात २०१९ मध्ये कृत्रिम पाऊस पाडला, तो हाच प्रकार का? – सिन्नर

नाही. तिथे मुळात ढग असावेच लागतात, आणि परिणाम झालाच तर त्याच भागात, तेवढ्या वेळापुरता.