हजेरीपटात न दिसणारे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

चोपडा तालुक्यातील तुझ्या सातवीच्या वर्गात हजेरी चांगली असूनही मुले शिकण्यात कितपत रमतात, हे मोजायचे कसे, असे तू विचारले आहेस. हजेरीपट सांगतो ते मूल बाकावर होते एवढेच. फ्रेड्रिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या संशोधकांनी २००४ मध्ये मुलांच्या शिकण्यातील सहभागाची तीन अंगे मांडली: मुलाचे वर्तन, शाळेविषयी त्याला वाटणारी ओढ आणि आशय समजून घेण्यासाठी त्याने केलेले बौद्धिक कष्ट. यांतले पहिले अंग सहज दिसते, म्हणून आपण तेवढेच मोजतो.

माझीही तीच चूक झाली. एका मुलीची वही इतकी नेटकी असे, की ती मन लावून शिकते असे मी वर्षभर धरून चाललो. एकदा फळा पुसून नफा-तोट्याचे तेच गणित आकडे बदलून दिले, तेव्हा ती तास संपेपर्यंत पेन्सिलीला टोक काढत राहिली. त्याच तासाला, कापूस वेचणीमुळे तीन आठवडे बुडवून आलेल्या, बोंडांच्या टोकांनी बोटे ओरबाडलेल्या मुलाने मागून विचारले, "सर, व्यापारी क्विंटलमागे दोन किलो घट धरतो, ती तोट्यात मोजायची का?" हजेरीपटात मात्र तोच मागे होता.

म्हणून असे कर. आठवड्यातून एका तासाला सहकारी शिक्षकाला मागे बसव. शिकवता शिकवता नोंदी नीट होत नाहीत. त्यांनी पाच मुले निवडून दर पाच मिनिटांनी प्रत्येक जण काय करतो आहे ते टिपावे: ऐकतो, नुसते उतरवतो, स्वतः सोडवतो, विचारतो, की लक्ष दुसरीकडे आहे. चाळीस मिनिटांत चाळीस नोंदी होतात. 'उतरवतो' आणि 'सोडवतो' यांची गल्लत मात्र होऊ देऊ नकोस. तास संपल्यावर मुलांकडून, नाव न घालता, काय कळले नाही याची चिठ्ठी घे, आणि ती अहिराणीत किंवा पावरीत लिहिली तरी चालेल असे आधीच सांग, कारण घरी वेगळी बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीपुढे गप्प बसते आणि त्या गप्पपणाला आपण अनास्था समजतो.

या नोंदींवरून मुलांचे क्रमांक लावू नकोस. त्याच मुलाच्या मागील महिन्याच्या नोंदीशी तुलना कर आणि फरक पडला नसेल तर आधी तुझी शिकवण्याची पद्धत बदल. वेचणी संपण्याची वाट न पाहता येत्या सोमवारीच सुरुवात कर, आणि पहिल्या चार आठवड्यांच्या नोंदी, मुलांची नावे वगळून, मला पाठव.

तुझा शुभचिंतक